मनी प्लांट: कमी निगेचा वेल घरात कसा वाढवावा

मनी प्लांट कोणालाही जमतो असे म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. चार दिवस पाणी घालायचे राहिले, घर आठवडाभर बंद होते, कुंडी खिडकीपासून लांब सरकली, तरी हा वेल तग धरतो. असे असूनही अनेक घरांत तो वर्षानुवर्षे एकाच बाटलीत, मोजक्या लहान पानांवर अडकून राहिलेला दिसतो, नाहीतर हौसेने कुंडीत लावल्यावर दोन-तीन महिन्यांत पिवळा पडून बुडाशी कुजलेला आढळतो. दुर्लक्ष हे याचे कारण क्वचितच असते. पहिल्या वेलाला पुरेसा उजेड, अन्नद्रव्ये आणि चढायला आधार मिळालेला नसतो. दुसऱ्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मिळालेले असते. कमी निगेचे झाड म्हणजे कमी वेळा हात लावायचे झाड. तो हात केव्हा लावायचा आणि केव्हा आवरायचा हे एकदा कळले, की घरातल्या साध्या कोपऱ्यातही हा वेल असा वाढतो की पूर्वीचा तोच हा, हे सांगून पटत नाही.

वेलाची मूळ प्रकृती

या वेलाचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. तो मूळचा पॅसिफिक महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मोओरेआ या लहानशा बेटावरचा, आणि कूळ अळूचे. मॉन्स्टेरा आणि अँथुरियम हे त्याचे भाऊबंद. १८८० मध्ये त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले आणि पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला एकामागून एक वेगवेगळ्या प्रजातींत हलवले; आजचे नाव १९६४ मध्ये ठरले, तरी पोथॉस हे जुने नाव लोकांच्या तोंडी राहिले ते राहिलेच. या वेलाला फूल जवळजवळ कधीच येत नाही, कारण फुलोऱ्यासाठी लागणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारे त्याचे एक जनुक नीट काम करत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फूल नाही म्हणजे बी नाही, आणि म्हणून घराघरांतला मनी प्लांट हा कुठल्यातरी जुन्या वेलाच्या तुकड्यापासूनच वाढवलेला असतो.

निगेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. घरात आपण पाहतो ती दहा-बारा सेंटिमीटरची बदामी पाने ही या वेलाची बालपणीची पाने आहेत. उष्ण आणि दमट रानात मोठ्या झाडाच्या खोडाला धरून तो वर चढू लागला, की तो वीस मीटरपर्यंत जाऊ शकतो, त्याचे खोड मनगटासारखे जाड होते आणि पाने वाढत वाढत मीटरभर लांबीची होतात; मोठ्या पानांच्या कडा तर मॉन्स्टेरासारख्या आत चिरत जातात. खाली लोंबणाऱ्या वेलाला हे वय कधीच येत नाही. घरात मीटरभर लांबीचे पान मिळवणे कठीण आहे आणि त्याची गरजही नाही, पण बालपणाच्या पुढची पायरी गाठणे नक्कीच शक्य आहे. त्याचा मार्ग खतातून जात नाही, आधारातून जातो. त्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

रोप आणण्यापूर्वी ते खरोखर मनी प्लांटच आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण बदामी पानांचा फिलोडेंड्रॉन त्याच नावाने सर्रास दिला जातो. नवे पान कुठून निघते ते पाहिले की फरक लगेच कळतो. मनी प्लांटचे नवे पान आधीच्या पानाच्या देठाला असलेल्या खोबणीतून गुंडाळीच्या रूपात बाहेर येते आणि उलगडते. फिलोडेंड्रॉनचे पान मात्र एका वेगळ्या पातळ आवरणात गुंडाळलेले असते आणि पान उलगडल्यावर ते आवरण वाळून गळून पडते. शिवाय मनी प्लांटचे पान हाताला जाडसर, मेणचट लागते. दोघांची निगा जवळपास सारखीच असल्याने चुकून फिलोडेंड्रॉन घरी आला तरी पुढचे बहुतेक सर्व त्यालाही लागू पडते.

उजेड

हा वेल कमी उजेडात जगतो, परंतु जगणे आणि वाढणे यांत अंतर आहे. खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलेला वेल महिनोन्महिने हिरवा राहतो, मात्र त्याची दोन पानांमधली कांडी लांबत जातात, पाने लहान होत जातात आणि पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे फिके पडत जाऊन नवी पाने निव्वळ हिरवी येऊ लागतात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे तो भाग अन्न तयार करत नाही. उजेड अपुरा पडला की अशा भागाचा भार वेलाला परवडत नाही. मार्बल क्वीन किंवा एन्जॉयसारखे पांढऱ्या पट्ट्यांचे वाण म्हणूनच साध्या सोनेरी किंवा हिरव्या वाणापेक्षा सावकाश वाढतात आणि त्यांना उजेडही जास्त लागतो.

याउलट दुपारचे थेट ऊन पानावर पडले तर काही तासांतच तिथे कागदासारखे कोरडे, फिकट तपकिरी डाग पडतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. सकाळचे कोवळे ऊन तासभर मिळाले तर हरकत नाही. जागा योग्य आहे की नाही हे ठरवण्याची एक सोपी रीत आहे. भर दिवसा, जिथे पाने असणार आहेत त्या जागी एक पांढरा कागद धरावा आणि त्याच्या वीतभर वर हात धरावा. सावलीच्या कडा रेखीव आणि गडद दिसल्या तर उजेड फार तीव्र आहे. सावली मऊ असूनही बोटे ओळखू येत असतील तर जागा उत्तम आहे. सावली जवळजवळ दिसतच नसेल तर तिथे वेल फक्त तग धरील. कुंडी पंधरा दिवसांतून एकदा थोडी फिरवावी, म्हणजे वेल एकाच बाजूला झुकणार नाही. आधारावर चढवलेला वेल मात्र फिरवू नये, त्याचे कारण पुढे येईलच.

कुंडी आणि माती

कुंडीच्या तळाला भोक असलेच पाहिजे. भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत झाड लावायचे असेल, तर ते आधी भोकांच्या साध्या कुंडीत लावून ती कुंडी शोभेच्या कुंडीत ठेवावी आणि पाणी घालताना बाहेर काढावी. तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे भरल्याने निचरा सुधारतो असा समज आहे, पण तसे होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच साचून राहते, आणि खड्यांनी जागा अडवल्यामुळे हा ओला थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो. निचरा हवा असेल तर तो सगळ्या मातीतच असावा लागतो.

कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) दोन भाग, चांगले कुजलेले गांडूळखत किंवा शेणखत एक भाग आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे, हलके दाणे) किंवा जाड वाळू एक भाग असे मिश्रण या वेलाला मानवते. परलाइट नसेल तर कोळशाचे लहान तुकडे किंवा झाडाच्या सालीचे तुकडे चालतात. ओले मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो सुटून पडावा, इतके ते भुसभुशीत असावे. निव्वळ बागेतली चिकण माती कुंडीत भरू नये, कारण ती दर पाण्यासरशी घट्ट बसत जाते. कुंडीचा आकार मुळांच्या पसाऱ्यापेक्षा दोन ते चार सेंटिमीटरच मोठा असावा. मोठ्या कुंडीत लहान रोप लावले तर जिथे मुळे पोचलेली नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते आणि कुजण्याची सुरुवात तिथूनच होते.

पाणी

मनी प्लांट मरतो तो बहुधा पाण्यानेच, म्हणून या विषयाला थोडा वेळ देणे आवश्यक आहे. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या तर तिथे प्राणवायू उरत नाही, मुळे गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारखे मूळकूज करणारे सूक्ष्मजीव ताबा मिळवतात. मुळे गेली की माती ओलीचिंब असूनही झाडाला पाणी शोषता येत नाही आणि पाने मलूल होतात. इथेच घात होतो. मलूल पाने पाहून माणूस आणखी पाणी घालतो. माझ्या पहिल्या मनी प्लांटला मी रोज सकाळी न चुकता एक पेला पाणी घालत असे. पाने पिवळी पडू लागली तेव्हा मी ते दोन पेल्यांवर नेले. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा नाल्यासारखा वास आला, आणि मूळ दोन बोटांत धरून ओढल्यावर त्याची तपकिरी साल मोज्यासारखी निसटून हातात आली व आत फक्त एक बारीक दोरा उरला. निरोगी मूळ पांढरे किंवा फिकट पिवळसर असते, हाताला टणक लागते आणि ओढले तर त्याची साल निघत नाही. हा फरक एकदा स्वतःच्या बोटांनी अनुभवला की पुन्हा विसरता येत नाही.

यावरचा उपाय असा, की पाण्याचा वार ठरवायचा नाही. बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच सेंटिमीटर खोचावे. तिथपर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. ओलसर लागली तर दोन दिवसांनी पुन्हा पाहावे. कुंडी लहान असेल तर ती उचलून पाहणे अधिक सोपे पडते. पाणी घातल्यानंतर लगेच एकदा आणि माती सुकल्यावर एकदा कुंडी उचलून पाहावी. दोन-तीन वेळा असे केले की हाताला वजनाचा अंदाज बसतो आणि बोट खोचावे लागत नाही. पाणी घालायचे तेव्हा मात्र हात आखडू नये. तळाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत सगळीकडून सावकाश घालावे, पंधरा-वीस मिनिटांनी बशीत जमलेले पाणी ओतून टाकावे आणि मग माती सुकेपर्यंत कुंडीकडे वळू नये. रोज थोडे थोडे पाणी देण्याने वरचा थर कायम ओला राहतो आणि खालच्या मुळांपर्यंत कधी पाणी पोचते, कधी नाही.

कोरड्या, उष्ण दिवसांत हे अंतर चार-पाच दिवसांचे असू शकते आणि थंडीत, जेव्हा वाढ मंदावते, तेव्हा ते दोन आठवड्यांपर्यंतही जाते. मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा लवकर सुकते. कुठलाही ठरीव आकडा यांपैकी सर्व परिस्थितींना लागू पडणार नाही. पाण्याला आलेला वेल पाने किंचित सैल सोडतो, ती नेहमीपेक्षा मऊ लागतात आणि जरा आत वळतात. अशा वेळी पाणी घातले की काही तासांत ती पुन्हा ताठ होतात. पाने मलूल दिसली तरी आधी मातीला हात लावावा. माती कोरडी असेल तर तहान आहे, आणि ओली असेल तर मुळे तपासण्याची वेळ आली आहे.

कधी कधी सकाळी पानाच्या टोकाला पाण्याचा एक टपोरा थेंब दिसतो. तो रोग नव्हे. रात्री पानांतून बाष्प फारसे बाहेर पडत नाही, मात्र मुळांकडून पाणी वर येत राहते, आणि ते टोकाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर येते. हे रोजच दिसू लागले तर माती जरा जास्त ओली राहते आहे एवढे समजावे.

चढण्यासाठी आधार

वेलाची एखादी फांदी हातात घेऊन जवळून पाहिली, तर प्रत्येक पानाच्या देठाशी खोडावर एक आडवे वळे दिसते. हे पेर. पेराच्या एका बाजूला, पानाच्या साधारण विरुद्ध, तपकिरी रंगाचा टणक, तांदळाच्या दाण्याहून लहान उंचवटा असतो. बोट फिरवले तर तो खरखरीत लागतो. हे हवाई मूळ. ओलसर आणि खडबडीत पृष्ठभाग लागताच ते लांबते, फाटे फोडते आणि घट्ट चिकटते. गुळगुळीत प्लास्टिकची काठी किंवा धातूची सळई लावून वेल तिला नुसता बांधून ठेवला तर तो उभा राहतो, चढत नाही, कारण मुळांना धरण्यासारखे तिथे काही नसते.

आधार म्हणून काथ्या गुंडाळलेली काठी, शेवाळ भरलेल्या जाळीची काठी किंवा रंधा न मारलेली खडबडीत लाकडी फळी यांपैकी काहीही वापरता येते. शेवाळाची काठी सर्वांत चांगली, कारण ती ओलावा धरून ठेवते आणि हवाई मुळे तिच्या आत शिरून पाणी व खत घेऊ लागतात. पण ती ओली ठेवण्याचे काम आपल्यावर येते. ते नियमित जमणार नसेल तर काथ्याची काठी किंवा फळी घ्यावी आणि वाढ थोडी सावकाश होईल हे मान्य करावे. कोरडी पडलेली शेवाळाची काठी साध्या फळीपेक्षा काही जास्त देत नाही.

आधार कुंडी भरतानाच रोवावा, नंतर खुपसल्यास मुळे तुटतात. तो तळापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर वेल जड झाल्यावर सगळे एका बाजूला कलते. वेलाची पाने उजेडाकडे तोंड करतात आणि हवाई मुळे पाठीमागच्या बाजूला येतात. म्हणून खिडकी, मग वेल आणि त्याच्या मागे काठी असा क्रम ठेवावा. आधारावरचा वेल फिरवू नये असे वर म्हटले ते याचसाठी. कुंडी फिरवली की पाने पुन्हा उजेडाकडे वळू लागतात आणि त्या ओढीत न चिकटलेली पेरे काठीपासून सुटतात.

बांधताना मऊ सुतळी किंवा कापडाची पट्टी घ्यावी आणि पेर काठीला टेकेल अशा बेताने खोड बांधावे. पानाचे देठ बांधू नये. देठ मोकळे राहिले तरच पान हवे तसे वळू शकते, आणि बांधलेले देठ बहुधा काचून पान गळते. गाठ सैल ठेवावी, खोड पुढे जाड होणार असते. काथ्याच्या किंवा शेवाळाच्या काठीवर दर दोन-तीन दिवसांनी वरच्या टोकाकडून सावकाश पाणी सोडावे म्हणजे ते झिरपत खाली येते. तुषार उडवून फक्त वरचा थर भिजतो आणि तासाभरात सुकतो, त्याचा फारसा उपयोग होत नाही. पहिले तीन-चार आठवडे काहीच घडत नाही असे वाटते. मग एक दिवस पेर हलकेच ओढून पाहिले तर ते सुटत नाही. इथून पुढचे प्रत्येक पान आधीच्यापेक्षा थोडे मोठे येते, खोड जाड होते, पेरे जवळ जवळ येतात. वर्षभरात हाताच्या पंजाएवढी पाने आलेली मी साध्या काथ्याच्या काठीवर पाहिली आहेत, त्याच वेलाचा लोंबता सोडलेला फाटा मात्र तीन बोटांएवढ्या पानांच्या पुढे गेला नाही.

वेल काठीच्या टोकाला पोचला की तो पुन्हा लोंबू लागतो आणि पाने पुन्हा लहान होतात. अशा वेळी वर दुसरी काठी जोडावी, किंवा वरचा दोन-तीन फुटांचा हवाई मुळांसकट भाग कापून नव्या काठीवर लावावा. मोठ्या पानांच्या शेंड्यापासून केलेले रोप बरेचसे मोठ्या पानांनीच सुरुवात करते. वेल थेट भिंतीवर सोडणे सुंदर दिसते खरे, मात्र त्याची मुळे रंगात आणि गिलाव्यात घट्ट रुततात आणि पुढे काढताना रंगाचे पापुद्रे सोबत घेऊन येतात, हे आधी लक्षात घ्यावे.

लोंबता वेल ठेवूच नये असे मी म्हणणार नाही. उंच फडताळावरून उतरणारा दाट वेल डोळ्यांना सुखावतो, आणि त्यासाठी शेंडे वेळोवेळी खुडावे लागतात इतकेच. न खुडलेला लोंबता वेल मुळाशी उघडा पडतो आणि फक्त टोकाला चार पाने उरतात.

खत आणि कुंडी बदलणे

याला खत फार लागत नाही. वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा संतुलित विद्राव्य खत, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्मे, ओल्या मातीत द्यावे किंवा दोन-तीन महिन्यांनी मूठभर गांडूळखत वरच्या थरात मिसळावे. थंडीत खत बंद ठेवावे. जास्त खताचे क्षार मातीत साठतात, कुंडीच्या काठावर पांढरट थर दिसतो आणि पानांची टोके करपतात. तसे झाले तर कुंडीत साधे पाणी तीन-चार वेळा भरपूर ओतून क्षार धुऊन काढावेत. मुळे भोकातून बाहेर डोकावू लागली किंवा घातलेले पाणी मातीत न मुरता लगेच खाली येऊ लागले की कुंडी बदलावी. साधारण दीड-दोन वर्षांनी ही वेळ येते. तापमान अठरा ते तीस अंश सेल्सिअस असेल तर वेल खुशीत असतो. दहा अंशांच्या खाली पाने काळवंडतात, आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोतही त्याला सोसत नाही.

छाटणी आणि नवी रोपे

छाटणी स्वच्छ, धारदार कात्रीने पेराच्या थोडे वर करावी. कापलेल्या टोकाच्या खालच्या पेरातून नवा फुटवा निघतो. छाटलेल्या भागापासून रोपे करताना एकच नियम पक्का लक्षात ठेवावा, तो म्हणजे मुळे आणि कोंब पेरातूनच फुटतात. देठासह तोडलेले नुसते पान पाण्यात ठेवले तर ते कित्येक महिने हिरवे राहते, पण पेर नसेल तर त्यातून वेल कधीच होत नाही. म्हणून प्रत्येक तुकड्याला किमान एक, शक्यतो दोन पेरे आणि एक-दोन पाने असावीत. खालच्या पेराच्या एक-दोन सेंटिमीटर खाली काप घ्यावा, त्या पेराचे पान काढावे आणि पेर बुडेल पण पान बुडणार नाही इतक्या पाण्यात तुकडा ठेवावा. पाणी चार-पाच दिवसांनी बदलावे. उबदार हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत त्या तपकिरी उंचवट्यातून पांढरे मूळ बाहेर पडते.

मुळे चार-पाच सेंटिमीटरची झाली की तुकडे मातीत लावावेत. पाण्यात फार काळ ठेवलेली मुळे मातीशी जुळवून घ्यायला वेळ लावतात. लावल्यानंतरचे पहिले दोन आठवडे मात्र माती नेहमीपेक्षा थोडी ओलसर ठेवावी, कारण पाण्यात वाढलेल्या मुळांना एकदम कोरडेपणा सोसत नाही. एका कुंडीत पाच-सहा तुकडे लावले तर कुंडी लवकर भरलेली दिसते. मूळ वेलाच्या उघड्या पडलेल्या बुडाशीही असेच तुकडे लावून तो दाट करता येतो.

वेल कायमचा पाण्यातच ठेवायचा असेल तर तेही जमते. बाटली गडद काचेची किंवा बाहेरून झाकलेली असावी, म्हणजे आत शेवाळ धरणार नाही. पाणी आठवड्याने बदलावे आणि महिन्यातून एकदा त्यात विद्राव्य खत अगदी चिमूटभर घालावे. निव्वळ पाण्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, आणि वर्षानुवर्षे बाटलीत खुंटलेल्या वेलांच्या दुखण्यात याचाही वाटा असतो.

काही बिघडले तर

बुडाजवळचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे स्वाभाविक आहे. एकाच वेळी अनेक पाने पिवळी पडली आणि माती ओली असेल, तर झाड लगेच कुंडीतून काढावे, तपकिरी मऊ मुळे कापून टाकावीत, उरलेले नव्या कोरडसर मिश्रणात लहान कुंडीत लावावे. मुळे फारच गेली असतील तर बुडाचा नाद सोडून वरची टणक, हिरवी पेरे कापून पाण्यात ठेवावीत. बूड कुजले तरी वेलाचा जीव प्रत्येक पेरात असतो.

देठाच्या बगलेत पांढऱ्या कापसासारखे ठिपके दिसले तर ते पिठ्या ढेकूण होत. मोजके असतील तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावेत. जास्त असतील तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर नीम तेल आणि द्रव साबणाचे काही थेंब नीट घुसळून, आधी एका पानावर दोन दिवस पाहून, मग संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंना फवारावे आणि आठवड्याने पुन्हा करावे. पानावर बारीक फिकट ठिपके आणि पाठीमागे अतिशय बारीक जाळे असेल तर ती कोळी कीड असते आणि ती कोरड्या हवेत बळावते. तिच्यासाठी आधी पाने जोरदार पाण्याने धुऊन काढणे सर्वांत उपयोगी पडते. कुंडीभोवती लहान काळ्या माश्या उडत असतील तर वरची माती सतत ओली आहे असा त्याचा अर्थ. ती सुकू दिली की त्यांचा उपद्रव ओसरतो. महिन्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसावीत. धूळ निघते, आणि त्या निमित्ताने प्रत्येक पानाची पाठ पाहिली जाते, त्यामुळे कीड वाढण्याआधीच सापडते.

हा वेल घरातली हवा शुद्ध करतो असे वारंवार सांगितले जाते. त्याचा उगम नासाच्या १९८९ च्या प्रयोगांत आहे, पण ते प्रयोग लहान, बंद पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा दिसले, की नेहमीच्या हवा खेळण्याने जेवढे काम होते तेवढे झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील. हवेसाठी खिडकी उघडावी, वेल त्याच्या स्वतःच्या सौंदर्यासाठी लावावा.

घरात रांगणारे मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवणे आवश्यक आहे. वेलाच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावले की ते तोंडात आणि घशात टोचतात, आग होते, लाळ गळते, सूज येते. असे झाले तर तोंड धुवावे आणि डॉक्टरांना किंवा पशुवैद्यांना दाखवावे. काहींच्या त्वचेला चिकानेही खाज सुटते, म्हणून छाटणीनंतर हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना लावू नयेत.

छाटलेले तुकडे, ज्यांची रोपे करायची नाहीत ते, मोकळ्या जागेत, ओढ्याकाठी किंवा झाडांच्या बुंध्याशी टाकू नयेत. फ्लोरिडा, हवाई आणि श्रीलंका अशा उष्ण, दमट ठिकाणी असाच बाहेर पडलेला हा वेल रानात पसरून स्थानिक झाडांवर चढला आहे आणि जमिनीवर त्याच्या दाट थराखाली दुसरे काही उगवेनासे झाले आहे. तुकडे पूर्ण वाळेपर्यंत कोरड्या जागी, कागदावर पसरून ठेवावेत. पेर दाबल्यावर कडकन मोडले की मगच ते कंपोस्टच्या डब्यात टाकावेत.